जुनी अमेरिकन तांब्याची नाणी: संग्रह आणि ग्रेडिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढे पुढे ते अवघड होत जातात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात न घोळवता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. किमतींचे आकडे मुद्दाम फारसे दिलेले नाहीत. ते लिलावागणिक हलतात.

१. ‘अर्ली कॉपर’ म्हणतात ती नेमकी कोणती नाणी?

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने १७९३ ते १८५७ या काळात पाडलेली तांब्याची सेंट आणि हाफ सेंट. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने ही टाकसाळ अस्तित्वात आली. त्या कायद्यात सेंटचं वजन २६४ ग्रेन ठरलं होतं, पण तांबं महाग पडू लागल्यामुळे नाणी बाजारात येण्याआधीच ते २०८ ग्रेनवर (१३.४८ ग्रॅम) आलं. १७९५ च्या अखेरीस ते आणखी उतरून १६८ ग्रेन (१०.८९ ग्रॅम) झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं. हाफ सेंट दोन्ही वेळा बरोबर निम्म्या वजनाचं. हे दोन आकडे पाठच करून ठेवा, प्रश्न ११ मध्ये लागतील.

आजचं अमेरिकन सेंट १९ मिलिमीटरचं आहे. ही जुनी सेंट २७ ते २९ मिलिमीटरची, म्हणून त्यांना ‘लार्ज सेंट’ म्हणतात. फेब्रुवारी १८५७ च्या कायद्याने मोठं सेंट आणि हाफ सेंट दोन्ही बंद झाली. लहानपणापासून खिशात खुळखुळणारं नाणं नाहीसं होणार म्हटल्यावर लोक एकेका वर्षाचं नाणं जपून ठेवू लागले, आणि अमेरिकेतला नाणेसंग्रहाचा छंद खऱ्या अर्थाने तिथून पसरला. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी लगेच पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये स्थापन झाली.

२. लार्ज सेंटचे प्रकार किती? सगळी तर बाईच्या डोक्याचीच दिसतात.

दर्शनी बाजूला सगळीकडे लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याची देवी आहे, पण दर वेळी वेगळी. १७९३ मध्ये मोकळ्या केसांची लिबर्टी आली. तिच्या मागील बाजूला आधी साखळी होती, मग पानांचं कडं. त्याच वर्षी काठीवर टोपी घेतलेली ‘लिबर्टी कॅप’ सुरू झाली आणि १७९६ पर्यंत चालली. हे रूप जोसेफ राइट यांचं. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत ते फिलाडेल्फियातच वारले. या मालिकेतली सर्वांत देखणी लिबर्टी त्यांची, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर ‘ड्रेप्ड बस्ट’ (१७९६–१८०७), जॉन राइख यांचं ‘क्लासिक हेड’ (१८०८–१८१४), ‘कोरोनेट’ किंवा ‘मेट्रन हेड’ (१८१६–१८३९) आणि वेणीचा अंबाडा घातलेलं ‘ब्रेडेड हेअर’ (१८३९–१८५७).

१८१५ सालाचं सेंट नाही. कोऱ्या चकत्या इंग्लंडहून, मुख्यतः बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्या कारखान्यातून येत असत. १८१२ च्या अमेरिका-ब्रिटन युद्धात ती वाट बंद झाली आणि साठा संपला. कोणी १८१५ चं सेंट दाखवलं तर तारखेत फेरफार आहे हे न बघताच सांगता येईल.

३. साखळीच्या सेंटचं एवढं कौतुक का?

कारण टाकसाळीने व्यवहारासाठी स्वतःच्या वास्तूत पाडलेली ही पहिली नाणी. मार्च १७९३ च्या पहिल्या पंधरवड्यात ३६,१०३ नाणी पाडली गेली आणि नक्षी बदलली. मागील बाजूला १५ कड्यांची साखळी होती, एकेक कडी एकेका राज्याची. एकीची खूण म्हणून ती घातली, पण स्वातंत्र्याच्या देवीमागे साखळी कशाला, अशी टीका वर्तमानपत्रात झाली. पहिल्या ठशात (नाणं पाडायच्या साच्यात) कोरणाऱ्याने देशाचं नाव अर्धवट सोडून ‘अमेरि.’ एवढंच घातलं. बहुधा जागा पुरणार नाही असं त्याला वाटलं असावं.

हाताळताना एक गोष्ट लक्षात येते. चेहऱ्याचा उठाव मुळातच कमी आणि साखळीचा भरपूर. त्यामुळे दर्शनी बाजू पार सपाट झालेल्या नाण्यावरही साखळी बोटाला लागते. तारीख वाचता येत नसली तरी हे सेंट ओळखू येतं, आणि तशा अवस्थेतही त्याला गिऱ्हाईक असतं.

४. सुरुवात कोणत्या नाण्यापासून करावी?

१८४० ते १८५६ मधलं एखादं वापरलेलं ब्रेडेड हेअर सेंट घ्या. ही लाखोंनी पाडली गेली आणि साधारण वीस ते चाळीस डॉलरमध्ये चांगल्या रंगाचं मिळतं. ते महिनाभर रोज दिव्याखाली बघा. मूळचा तांबूस-तपकिरी पृष्ठभाग कसा असतो ते डोळ्यात बसलं की घासलेलं, रंगवलेलं, खवलेलं नाणं आपोआप खटकू लागतं. १७९३ किंवा १७९९ च्या मागे सुरुवातीलाच धावू नका. शिवराई जमवणाऱ्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. झिजलेल्या तांब्यावरून अक्षरं लावण्याची सवय त्यांना आहेच, ती इथे फार उपयोगी पडते.

५. ‘एस-४८’, ‘एन-१३’ असं लिहिलेलं असतं ते काय?

ठशांच्या जोडीचा क्रमांक. त्या काळी प्रत्येक ठसा हाताने तयार होत असे. अक्षरं, आकडे, पानं एकेक करून ठोकलेली, म्हणून कोणतेही दोन ठसे हुबेहूब एक नाहीत. ‘ई’ जरा कललेला, सातचा पाय लांब, फळ देठापासून सुटलेलं, अशा खुणांवरून कोणत्या दोन ठशांतून नाणं निघालं ते ठरवता येतं. १७९३ ते १८१४ च्या सेंटना विल्यम शेल्डन या अभ्यासकाचे क्रमांक (एस-१ ते एस-२९५) आहेत. शेल्डन यांना जे प्रकार सामान्य संग्राहकाला मिळणं अशक्य वाटलं त्यांना वेगळी ‘एनसी’ मालिका आहे. १८१६ नंतर न्यूकॉम्ब यांचे क्रमांक आणि हाफ सेंटसाठी कोहेन यांचे. शेल्डन यांचे आकडे सलग चालतात. बाकी दोघांचे दर वर्षी एकपासून सुरू होतात, म्हणून त्यांच्याबरोबर साल सांगावंच लागतं.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण एस-४८. १७९४ च्या या सेंटच्या मागील बाजूला कडेच्या दातेरी नक्षीमधून ९४ चिमुकल्या पंचकोनी चांदण्या आहेत. त्या का कोरल्या ते कोणालाही सांगता आलेलं नाही. झिजलेल्या नाण्यावर त्यांतल्या पाच-सहाच उरलेल्या असतात, आणि भिंगाखाली त्या सापडण्याचा आनंद या छंदातला मोठा आनंद आहे.

१७९४ हे वर्ष तर ठसेवाल्यांचं माहेरघर आहे. एडवर्ड मॅरिस या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी १८६९ मध्ये या वर्षाच्या ठशांना क्रमांकांबरोबर नावंही दिली: ‘डबल चिन’, ‘कोकेट’, ‘व्हीनस मरीना’, ‘पॅटॅगोनियन’. ती नावं आजही चालतात.

६. आर-५, आर-६ म्हणजे किती दुर्मीळ? आणि दुर्मीळ तर महागच ना?

आर-१ म्हणजे १,२५० हून जास्त नाणी माहीत असलेला प्रकार. पुढे उतरत जाऊन आर-५ ला ३१ ते ७५, आर-६ ला १३ ते ३०, आर-७ ला ४ ते १२ आणि आर-८ ला तीन किंवा त्याहून कमी.

महाग मात्र असतंच असं नाही. साखळीच्या सेंटचे नेहमीचे प्रकार आर-३, आर-४ च्या आसपास आहेत, तरी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. उलट १८२० नंतरच्या सेंटमधला आर-५ ठसा बऱ्याचदा मामुली किमतीत मिळतो, कारण तो मागणारी माणसंच थोडी. विक्रेत्याने क्रमांक न लावता ठेवलेल्या ढिगातून असा ठसा स्वतः ओळखून काढणं हे अगदी रास्त आहे; त्यात फसवणूक नाही, अभ्यासाचं फळ आहे.

७. ग्रेडिंग ७० गुणांचंच का? १०० का नाही?

शेल्डन यांनी १९४९ मध्ये नाण्याच्या अवस्थेला गुण देण्याची ही मोजणी मांडली ती फक्त या जुन्या सेंटसाठी, तीही किंमत काढायला. १७९४ च्या सेंटचे भाव बघून त्यांना वाटलं, की जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरला जात असेल तर त्याच प्रकारचं सर्वोत्तम नाणं सुमारे सत्तर डॉलरला जातं. म्हणून सर्वांत खालचा गुण १ आणि वरचा ७०. प्रत्येक प्रकाराची मूळ किंमत गुणिले गुण, म्हणजे बाजारभाव. चार ते सहा ‘गुड’, सात ते दहा ‘व्हेरी गुड’, बारा-पंधरा ‘फाइन’, वीस ते तीस ‘व्हेरी फाइन’, चाळीस ‘एक्स्ट्रिमली फाइन’, पन्नास ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ आणि साठपासून पुढे ‘मिंट स्टेट’.

किमतीचं सूत्र थोड्याच वर्षांत मोडलं, कारण वरच्या ग्रेडचे भाव कुठल्या कुठे गेले. आकडे मात्र राहिले आणि पुढे सोन्या-चांदीसकट सगळ्या अमेरिकन नाण्यांना लागू झाले.

८. नाणं हातात घेतल्यावर आधी काय बघायचं?

आधी रंग आणि पृष्ठभाग, मग झीज. नवखा माणूस नेमकं उलट करतो.

टेबलावर मऊ कापड पसरा. नाणं कडेने धरा, तोंड त्याच्यावर आणून बोलू नका. थुंकीचा बारीकसा थेंब तांब्यावर पुढे काळा ठिपका होऊन बसतो. दिवा एकच आणि एका बाजूने येणारा ठेवा. नाणं सावकाश कलतं करा. अस्सल जुन्या तांब्यावरून प्रकाश तेलकट मऊपणाने सरकतो. तो मध्येच तुटत असेल तर तिथे गंजाची बारीक छिद्रं आहेत. केसासारख्या समांतर रेघा एकदम चमकल्या तर कोणीतरी घासलंय. सगळीकडे एकसारखा नारिंगी-गुलाबी रंग आणि अक्षरांच्या खाचाही तशाच, तर रसायनात बुडवलंय.

मग १० पटीचं भिंग घ्या. ड्रेप्ड बस्टवर कपाळावरच्या आणि कानाजवळच्या बटा आणि खांद्यावरचं वस्त्र आधी झिजतं. मागे पानांच्या शिरा. इथे एक फसगत होते. ठसा थकलेला असेल किंवा दाब कमी पडला असेल तर पहिल्या दिवसापासूनच बटा पुसट असतात. झिजलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो, कमी दाबाच्या जागेचा तसा दिसत नाही. क्लासिक हेडच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. त्या वर्षांचं तांबं मऊ. नाणी लवकर झिजली आणि काळवंडली.

९. ‘नेट ग्रेड’ कसा काढतात? एक उदाहरण द्या.

ईएसी म्हणजे ‘अर्ली अमेरिकन कॉपर्स’ ही १९६७ पासूनची संग्राहकांची संस्था. तिथे आधी निव्वळ ठळकपणाचा ग्रेड ठरवतात, मग दोषांचे गुण वजा करतात.

समजा १८०२ चं सेंट आहे. बटा जवळजवळ सगळ्या सुट्या दिसतात, पानांच्या शिरा निम्म्याहून जास्त शाबूत. ठळकपणा व्हेरी फाइन-३०. पण चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बारीक छिद्रांनी खरखरीत झालीय आणि कडेला घड्याळातल्या तीनच्या जागी खोक आहे. खोकेसाठी थोडंच उतरायचं, कडेचे मार चालून जातात. छिद्रं मात्र नेमकी नजर जाते तिथे. म्हणून नेट फाइन-१५. हीच छिद्रं मागील बाजूला पानांच्या आड असती तर वीसवर थांबता आलं असतं. गालावरची एकच चीर कधी कधी कडेच्या पाच खोकांपेक्षा जास्त गुण खाते.

किती गुण वजा करायचे याचं कोष्टक नाही, आणि दोन जाणकारांत पाच गुणांचा फरक पडणं नेहमीचं. म्हणून चांगल्या वर्णनात दोन्ही आकडे लिहितात, दोषांची नावं लिहितात आणि शेवटी अवस्था सांगतात: ‘चॉइस’ (उत्तम), ‘अ‍ॅव्हरेज’ (साधारण) किंवा ‘स्कडझी’ (खराब).

१०. माझ्या नाण्याच्या सीलबंद डबीवर ४० लिहिलंय आणि जाणकार २५ म्हणतात. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या कंपन्या मुख्यतः झीज बघून ग्रेड देतात. किरकोळ दोष त्यात सामावून घेतात आणि मोठा असला तर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असा शिक्का मारतात. ईएसीचे लोक ठळकपणातही कडक आणि वर गुण कापणारे. त्यामुळे एक-दोन पायऱ्यांचा फरक ठरलेलाच. खरी अडचण तेव्हा येते जेव्हा डबीच्या आकड्याला ईएसीच्या भावपत्रकातली किंमत लावली जाते. एकाच पद्धतीचा ग्रेड आणि त्याच पद्धतीचा भाव, एवढं पाळलं तरी पुष्कळ पैसे वाचतील. डबीवरचे ‘बीएन’, ‘आरबी’, ‘आरडी’ म्हणजे तपकिरी, मिश्र आणि लाल.

माझा कल नेहमी चिठ्ठीपेक्षा नाण्याकडे. स्वच्छ, गुळगुळीत, बदामी रंगाचं व्हेरी गुड-१० हे छिद्राळलेल्या व्हेरी फाइनपेक्षा शंभरदा बरं. वीस वर्षांनी विकायला काढलं तरी त्याला लगेच हात पुढे येतात.

११. खोटी नाणी ओळखायची कशी?

प्रथम वजन आणि व्यास (आकडे प्रश्न १ मध्ये). झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण मूळ वजनापेक्षा स्पष्ट जड भरलं तर थांबा. एकोणिसाव्या शतकातल्या ‘इलेक्ट्रोटाइप’ प्रती दोन पातळ पत्रे जोडून आत शिसं भरून केलेल्या असतात. नक्षी अस्सल नाण्यावरूनच उचललेली, म्हणून तोंडावरून कळत नाहीत. कड भिंगातून बघा, सांध्याची रेघ सापडते. १७९५ पर्यंतच्या बहुतेक सेंटच्या कडेवर ‘वन हंड्रेड फॉर अ डॉलर’ ही अक्षरं असतात. ती प्रतीवर नीट उतरत नाहीत.

हल्लीच्या ठशातून पाडलेल्या बनावट नाण्यांना मात्र सांधा नसतो. तिथे एकच उपाय. प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या कोणत्यातरी नोंदलेल्या ठशाशी नाणं जुळलं पाहिजे. त्याहीपुढे, दोन ‘वेगवेगळ्या’ नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला तर दोन्ही एकाच साच्यातली. १९७३ च्या अमेरिकन कायद्याने अशा प्रतींवर ‘कॉपी’ असं ठसठशीत लिहिणं बंधनकारक आहे; ते खरवडून काढलेलंही आढळतं.

१२. १७९९ आणि १८०४ ची सेंट इतकी बदनाम का आहेत?

दोन्ही दुर्मीळ आणि दोन्ही बनवायला सोपी वाटणारी. १७९८ च्या आठाचा नऊ करतात. अस्सल १७९९ चे दोनच प्रकार आहेत: आठावर नऊ कोरलेला एस-१८८ आणि साध्या तारखेचा एस-१८९. शेवटच्या आकड्याभोवतीचा तांब्याचा पोत बघा आणि बाकीची अक्षरं या दोन ठशांशी ताडून पाहा. दोन्ही प्रकार बहुधा निकृष्ट चकत्यांवर पडले, म्हणून काळं, खरखरीत १७९९ दिसलं तर नवल नाही. लखलखीत दिसलं तर जास्त तपासा. फिलाडेल्फियाचे जोसेफ मिकली यांचा जन्म १७९९ चा. त्या सालाचं सेंट शोधता शोधता ते पुढे अमेरिकेतले आद्य मोठे संग्राहक झाले, असं सांगतात.

१८०४ ची एकच ठसाजोडी आहे, एस-२६६. त्यात तारखेतलं शून्य मागील बाजूच्या ‘ऑफ’ मधल्या ‘ओ’च्या बरोबर पाठीशी येतं. शिवाय टाकसाळीबाहेर, मोडीत काढलेल्या ठशांतून नंतर पाडलेलं १८०४ चं ‘रीस्ट्राइक’ आहे. त्याला मागील ठसा १८२० चा लावलाय. १८०४ च्या अस्सल सेंटवर पानांखाली १/१०० हा अपूर्णांक असतो, या रीस्ट्राइकवर तो नाहीच. रीस्ट्राइक स्वतंत्रपणे जमवतात, पण ते अस्सलच्या भावाने कधीच घेऊ नये.

१३. माझ्या हाफ सेंटवर नक्षीच्या खाली दुसरीच अक्षरं दिसतात. बिघडलेलं आहे का?

साल १७९५ ते १७९७ मधलं असेल तर अभिनंदन! त्या वर्षांत चांगल्या तांब्याची टंचाई होती. टाकसाळीने न्यूयॉर्कच्या ‘टॅलबॉट, अ‍ॅलम अँड ली’ या पेढीची टोकनं विकत घेतली, आणि ती तसेच बिघडलेली सेंटही कापून त्यांच्यावर हाफ सेंट पाडली. खालची जहाजाची डोलकाठी किंवा पेढीच्या नावातली अक्षरं वर उमटलेली दिसतात. ती जितकी स्पष्ट तितकं नाणं मोलाचं, आणि ग्रेड देताना तो दोष धरत नाहीत.

१४. न्यू जर्सीत राहतो. इथे घोड्याचं डोकं आणि नांगर असलेलं तांब्याचं नाणं मिळालं. ते यातच येतं का?

काटेकोरपणे नाही. ते टाकसाळीच्या आधीचं, राज्याने १७८६ ते १७८८ या काळात पाडून घेतलेलं. ‘नोव्हा सिझेरिया’ हे न्यू जर्सीचं लॅटिन नाव त्यावर असतं, आणि अमेरिकन नाण्यांवर ‘ई प्लुरिबस युनम’ हे वाक्य पहिल्यांदा आलं ते याच मालिकेत. त्यांचे ठसे-क्रमांक वेगळे आहेत. ग्रेडिंग आणि जपणूक मात्र इथे सांगितल्याप्रमाणेच.

१५. काळं पडलंय, वर थोडा कळंक आहे. चिंचेने किंवा पितांबरीने साफ करू का?

नको. अगदी नको. देवाची तांब्याची भांडी तशी लखलखीत व्हायलाच हवीत, पण नाण्याचा दोनशे वर्षांचा थर एकदा उतरला की तो परत येत नाही, आणि किंमत निम्म्याहूनही खाली जाते. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, चांदी उजळायचं औषध, सगळं याच यादीत.

चालतं ते एवढंच: मऊ केसांच्या ब्रशने हलकी धूळ झटकणं, चिकट मळ असेल तर शुद्ध झायलीन या द्रावकात भिजवून, न चोळता, सुती कापडावर निथळू देणं. हे उघड्या खिडकीशी आणि ज्योतीपासून लांब करा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात रंग-वास-तेल असतात. ओला हिरवा कळंक पसरत असेल तर त्याखाली गंज चालूच आहे. अशा वेळी अनुभवी माणसाला दाखवा.

१६. मुंबईच्या दमट हवेत ही नाणी टिकतील का?

टिकतात, पण लक्ष ठेवावं लागतं. जुन्या संग्राहकांची रीत आजही सर्वांत चांगली: छोट्या सुती अस्तराच्या पिशवीत नाणं, ती कागदी पाकिटात, आणि पाकिटावर ठसा-क्रमांक, ग्रेड, कोणाकडून घेतलं ते. पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आणि पावसाळ्यात जेल बदलत राहा. मऊ पीव्हीसीच्या पारदर्शक पानांचे अल्बम टाळा, त्यातून सुटणारं द्रव्य नाण्यावर हिरवं चिकट होऊन बसतं. सागवानी पेटीच्या मोहातही पडू नका; लाकडाची वाफ तांब्याला बाधते.

१७. शेल्डन यांनी स्वतःच नाणी चोरली हे खरं आहे का?

दुर्दैवाने, हो. १९७७ मध्ये ते वारले, आणि त्यानंतरच्या वर्षांत उघड झालं की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली सेंट उचलून त्यांनी त्या जागी तशाच ठशाची कमी दर्जाची नाणी ठेवली होती. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहताना हे सापडलं. पुढे कोर्टकज्जे झाले आणि बरीच नाणी संस्थेकडे परत गेली. त्यांचे क्रमांक वापरल्याशिवाय गत्यंतर नाही, पण या प्रकरणामुळे मालकीची साखळी तपासण्याची शिस्त या छंदात पक्की झाली. मोठ्या किमतीचं नाणं घेताना जुन्या लिलावांतली छायाचित्रं मागाच.

१८. अमेरिकेतून नाणं भारतात आणलं, तर पुढे विकायला परत नेता येईल का?

हा प्रश्न आणण्याआधी विचारायला हवा. भारतातल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं ‘पुरावशेष’ ठरतं, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. व्याख्येत नाणं कुठल्या देशाचं हे वेगळं काढलेलं नाही. तेव्हा न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांकडे जमवलेला मौल्यवान संग्रह ‘बघायला’ म्हणून पुण्याला आणू नका, छायाचित्रं आणा. भारतातच कायम ठेवायचं असेल तर येताना मूल्य खरं जाहीर करा, खरेदीची आणि कस्टम्सची पावती नाण्याच्या पाकिटाबरोबर जपा, आणि बाहेर नेण्याचा विषय निघाला की आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारा.